ओला ळ

१

आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात ळ कोणाच्या तोंडात नाही. जाळ्याला आम्ही जाला म्हणतो, डोळ्याला डोला, होळीला होली. स्वतःची ओळख सांगतानाही कोली असंच सांगतो. शाळेत गुरुजी घोकून घेतात तेवढ्यापुरता ळ येतो, आणि शाळेची पायरी उतरली की जातो. माझंही तसंच झालं. फरक एवढाच, की मला तो रोज लिहावा लागला. मी होड्यांवर नावं रंगवतो.

माझे वडील दत्तात्रेय हेच काम करायचे. त्यांनी मला अक्षरं शिकवली ती बाराखडीच्या क्रमाने नाही, सोप्याकडून अवघडाकडे. सगळ्यात शेवटी ळ. ते म्हणायचे, "लय अक्षरांना टेकायला काना असतंय. ह्याला काय न्हाय. वरच्या रेघेला नुसता लटकतंय. दोन वाट्या सारख्या वजनाच्या झाल्या न्हायत तं कलंडंल." मी महिनाभर पाटीवर ळ काढत होतो. वडील तो बघायचे, पुसायचे, आणि 'ल' म्हणायचे. त्यांनाही तो बोलता येत नव्हता.

यंदा आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीने नवीन लोगो करायचं ठरवलं. अध्यक्ष मोरूदादाची पुतणी जागृती पनवेलला डिझाइन शिकून आली आहे. दिवेआगरपर्यंतच्या कितीतरी होमस्टेंचे लोगो तिने केलेत, सगळ्यांत एक माड आणि एक लाट. सोसायटीसाठी मात्र ती एकच कागद घेऊन आली. निळ्या गोलात पांढरा ळ. बाकी काही नाही.

"मासा कुठं हाय?" मोरूदादाने विचारलं.

"मासा सगल्यांच्याच लोगोत असतो, काका," जागृती म्हणाली. "हे अक्षर सगल्यांकडं नाय. हिंदीवाले वापरत नाहीत. इंग्रजीत लिहायला गेलं तर त्याचा साधा एल होतो. आपल्या कोली नावातलं ते शेवटचं अक्षर आहे, आणि आपल्यालाच बोलता येत नाय. मला ते लय वाईट वाटतं."

गुजरातीत ह्याला एकच वेटोळं असतं, कानडीत आणि तमिळमध्ये आणखी निराळा आकार, असं तिने मोबाइलवर एकेक काढून दाखवलं. ह्याच्यासाठी ती आक्षीचा जुना शिलालेखही बघून आली होती. तिथे ळ आहे का, ते मात्र तिला पक्कं सांगता येईना. दगड फार झिजलाय, म्हणाली.

मोरूदादाला मग त्या दोन वाट्यांत तोंडाला तोंड लावलेले दोन मासे दिसले. नीराबाईला, जी बायकांना घेऊन खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जाते, तिला दोन टोपल्या दिसल्या. मंजुरी झाली. नारळी पौर्णिमेच्या आत एकेचाळीस होड्यांच्या नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, मी एकेक ळ काढायचा.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मला त्यात काय दिसलं ते कोणी विचारलं नाही.

२

माझ्या बायकोचं नाव कमळ.

ती साताऱ्याकडची, कोरेगावची. तिचे वडील खाडीपलीकडे कंत्राटी कामाला आले आणि ती आमच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. अंगणवाडीची पाटी मीच रंगवली होती. 'बाळगोपाळ' असं लिहून मी शिडीवरून उतरलो, तेव्हा ती दारात उभी होती.

"सुरेख आलंय," ती म्हणाली. "वाचा बरं."

मी वाचलं, "बालगोपाल."

ती तोंडाला पदर लावून हसली. एवढा रेखीव ळ काढणारा माणूस तो म्हणू शकत नाही, ह्याचं तिला पुढे चौदा वर्षं नवल वाटत राहिलं. मला ती बाजूला बसवून शिकवायची, मी दोनदा प्रयत्न करायचो आणि तिसऱ्यांदा उठून जायचो. वाड्यात सगळ्यांनी तिची कमल करून टाकली. आईने केली, शेजाऱ्यांनी केली, मीही केली. सुरुवातीला ती दुरुस्त करायची. नंतर 'ओ' द्यायची. आम्हाला मूल झालं नाही. अंगणवाडीतली पोरं तिला ळ म्हणून दाखवायची तेव्हा ती त्यांना शेंगदाणे द्यायची.

तीन वर्षांपूर्वी, अमावस्येनंतरच्या तिजेला, ती सकाळच्या ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेली. बाकीच्या बायका लवकर परतल्या. ती एकटीच पुढे राहिली. मी बंदरावर एका होडीचं नाव रंगवत होतो. दहाच्या सुमाराला बघितलं तर पाणी फिरलं होतं. तिजेची भरती पायावर येते म्हणता म्हणता छातीवर येते. कमळ लांब गाळात पाठमोरी उभी होती. मी हाक मारली. तीनदा मारली. तिने वळून बघितलं नाही.

सकाळी आमचं थोडं वाजलं होतं. काय वाजलं ते मी कोणाला सांगितलं नाही, पोलिसांना नाही आणि आईलाही नाही. पण तेवढ्यावरून मला वाटलं, रुसली आहे. ऐकून न ऐकल्यासारखं करते आहे. मलाही राग आला. मी पाठ फिरवली आणि हातातलं अक्षर पुरं केलं.

पुन्हा बघितलं तेव्हा तिथे पाणी होतं.

सात दिवस होड्या फिरल्या. कांदळवनात तिची टोपली सापडली, तिसऱ्यांनी अर्धी भरलेली. कमळ सापडली नाही. दर्भाचा पुतळा करून आम्ही तिला अग्नी दिला.

३

पहिला ळ मी मोरूदादाच्या होडीवर काढला. वर प्लास्टिक ताणलेलं, खाली लाकूड कोरडं. निळ्यावर पांढरा रंग चांगला बसला. डावी वाटी, मग उजवी, मग वरून आखूड दांडी. अक्षर उभं राहिलं. त्याच दिवशी त्याच डब्यातल्या रंगाने होडीचं नाव आणि नंबरही लिहिला.

दुसऱ्या दिवशी नाव सुकलं होतं. नंबर सुकला होता. ळ ओला होता.

पावसाळ्यात ऑइल पेंटला वेळ लागतो, त्यात नवल नाही. थर जाड झाला असेल म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोटाला पांढरा रंग आला, आत्ताच ब्रश उचलावा तसा. बाजूचा नंबर नखाने खरवडूनही निघत नव्हता.

तोवर मी आणखी पाच होड्या केल्या होत्या. पाचही ळ ओले.

मी रंगाचा डबा बदलला. टरपिन बदललं. एका होडीवर लाकूड घासून, अस्तर देऊन, दोन दिवस थांबून मग ळ काढला. ओलाच राहिला. दुकानदाराला डबा परत नेऊन दाखवला. त्याने त्याच डब्यातून फळीच्या तुकड्यावर एक पट्टा मारला, आणि मी वडापाव खाऊन येईपर्यंत तो सुकला.

"हात मारतंस तेवा घामाचा थेंब पडत असंल," मोरूदादा म्हणाला. त्याला फार काळजी वाटत नव्हती. "न्हायतं खारा वारा."

खारा वारा सगळ्या अक्षरांना सारखाच लागतो, हे मी त्याला बोललो नाही.

आठव्या दिवशी मी भरतीच्या वेळी होड्यांमध्ये होतो. पाणी बंदराच्या भिंतीला लागलं होतं. होड्या तिथून चांगल्या चाळीस पावलं वर, कोरड्यात. मोरूदादाच्या होडीवरच्या ळच्या दोन्ही वाट्यांत खालच्या कडेला पाण्याचे थेंब जमले होते. बघता बघता ते भरले आणि लाकडावरून दोन ओघळ खाली आले. मी वर बघितलं. प्लास्टिक धड होतं. पाऊस नव्हता. मी एक थेंब जिभेला लावला. खारट लागला.

मी पुढच्या होडीकडे गेलो. तिथेही दोन ओघळ होते. त्याच्या पुढच्या होडीकडे गेलो नाही.

४

घरात आता मी आणि आई, आवडाबाई. आईला गेल्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात अधू झाला, तोंड थोडं वाकडं झालं. बोलते, पण जड बोलते. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली की तिचा डोळा लागतो तो अकरापर्यंत. मी साडेनऊ-दहाला न्याहारीला घरी येतो, ती झोपलेलीच असते.

ओघळ बघितल्यावर पाचेक दिवसांनी मी पुढच्या खोलीत भाकरी खात होतो. आतून आईचा आवाज आला.

"डाळ झाकून ठेवलीय."

माझा हात तसाच राहिला. आवाज आईचाच होता, जड, घोगरा. पण ती म्हणाली होती डाळ. डाल नाही. ळ अगदी घाटावरच्या माणसासारखा, जिभेवरून वळून आलेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत आईने ते अक्षर उच्चारलं नव्हतं. ती शाळेत गेली नव्हती. सून ळ बोलायची तेव्हा ती म्हणायची, "जीब उलटी हाय हिची."

मी आत गेलो. आई झोपलेली होती. हलवून उठवलं.

"आये, काय बोललीस?"

"मी? काय बोलू? निजले होते."

"डाल म्हन बरं."

"डाल," आई म्हणाली. "डाल खायाची हाय काय तुला?"

झटक्याने जीभ बदलते, असं डॉक्टर म्हणाले होते. काही माणसं अचानक बोबडं बोलतात, काही स्पष्ट. दिवसभर टीव्ही चालू असतो, कानावर पडलेलं झोपेत येत असेल. मी हे सगळं स्वतःला समजावलं आणि भाकरी संपवली. चुलीवर डाळ होतीच. झाकलेली होती. मीच झाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर घरी आलो. भूक नव्हती. आईच्या खाटेजवळ बसलो. पावणेदहाच्या सुमाराला तिचे ओठ हलले.

"जेवणाच्या वेळेला येते मी."

ह्या वेळी मी तिचं तोंड बघत होतो. वाकडी बाजू वाकडीच होती. फक्त जीभ आत कुठेतरी नीट हलली.

दोन्ही वाक्यं माझ्या ओळखीची होती. पण कमळ ही वाक्यं रोजच म्हणायची, आणि आईने ती हजारदा ऐकली असतील. सुनेची आठवण येत असेल, मी म्हटलं. म्हातारपणी असं होतं. कामावर गेलो आणि त्या दिवशी चार ळ काढले.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज हाक मारली तर कमळ म्हणून मारा. नाहीतर मी वळून बघणार नाही."

५

त्या दिवशी सकाळी हेच वाजलं होतं.

मी तिला "कमल, टोपली ने," म्हणालो आणि ती दारात थांबली. आदल्या दिवशी अंगणवाडीतल्या एका नवीन पोराने तिला पहिल्याच दिवशी नीट हाक मारली होती. ते तिने मला सांगितलं, आणि मी म्हणालो, "मग त्याच्याच घरी ऱ्हा." मी चेष्टेत म्हणालो होतो. ती चेष्टेत नव्हती. ते वाक्य म्हणून ती गेली.

घरात आम्ही दोघंच होतो. आई पहाटेच्या गाडीने अलिबागच्या बाजारात मासळी घेऊन गेली होती आणि दुपारी परत आली. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

मी खाटेजवळून उठू शकलो नाही. तीन दिवसांत तीन वाक्यं, आणि त्या सकाळी कमळ ती ज्या क्रमाने म्हणाली होती त्याच क्रमाने. ह्या वाक्यानंतर कमळ घराबाहेर पडली. ह्याच्या पुढे ती जे काही बोलली असेल, ते ऐकायला कोणीच नव्हतं.

दुपारी मी जागृतीला गाठलं. दुसरं कोणी सुचलं नाही. ती किनाऱ्यावर होड्यांचे फोटो काढत होती. मी तिला आईचं सांगितलं. ओल्या रंगाचं तिला माहीत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही पंधरा दिवस रोज तेच अक्षर काढताय. काकूंच्या नावातलं. मी हा विचार आधी करायला पायजे होता. माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"उद्या मी येते. आजींजवल बसते. फोनवर रेकॉर्ड करू. मग कलेल तरी."

ती दुसऱ्या दिवशी आली. दोन तास बसली. आई झोपेत कण्हली, कूस बदलली, एकदा "पानी" म्हणाली. आणखी काही नाही. जागृतीने रेकॉर्डिंग बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. जाताना हळूच म्हणाली, "काका, बाकीच्या होड्या मी दुसऱ्या कोनाकडून करून घेऊ काय?"

मी नको म्हणालो.

तेव्हापासून प्लास्टिकखाली एकटा असताना मी बोलायला लागलो. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, सोडायची. ल. ल. ल. समोर ओला ळ असायचा. त्याच्याकडे बघत मी ल म्हणत बसायचो.

आई पुढचे पाच दिवस झोपेत काही बोलली नाही. मी रोज साडेनऊला तिच्या खाटेजवळ असायचो. मी काय ऐकायला बसलो होतो ते मला माहीत होतं. कमळला माझी हाक ऐकू आली होती की नव्हती, एवढंच. वारा उलटा असेल आणि आलीच नसेल, तर माझ्या पाठ फिरवण्याला थोडा तरी आधार होता. आणि ऐकून ती रुसून उभी राहिली असेल, तरीही होता. ह्या दोन्हींतलं काहीही मला चाललं असतं.

६

दिव्यांची अवस होऊन गेली. त्यानंतरची तीज.

एकेचाळिसावी होडी सकाळीच पुरी झाली. उघडीप होती, ऊन पडलं होतं. मी हात धुवून घरी आलो. नीराबाई आणि आणखी चार बायका चिंबोऱ्यांना खाडीत उतरलेल्या दिसल्या होत्या.

आईचा डोळा लागला होता. मी बसलो. पंख्याचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी ओट्यावर वाटण वाटल्याचा आवाज. दहा वाजून गेले.

आईचा श्वास बदलला. आधी संथ होता, तो लागल्यासारखा झाला. चादरीखाली तिचे पाय ताठ झाले. दोन्ही पाय, अधू बाजूचाही.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली.

मी वाकलो. तिचे डोळे मिटलेले होते.

"ऐकू येतंय. गाळात पाय गेलेत." श्वास. "वळता येत नाही."

एवढंच. जड, घोगऱ्या आवाजात, कोणावर राग नसल्यासारखं.

मग चादरीखालचे पाय सैल पडले. मी चादर उचलली. आईचे पाय कोरडे होते, स्वच्छ होते. मी ते दोन्ही हातांनी चोळले. थंड होते, पण म्हाताऱ्या माणसाचे पाय थंडच असतात.

तीन हाका. तिन्ही ऐकू आल्या होत्या.

७

मी बंदरावर कसा आलो ते आठवत नाही. चप्पल पायात नव्हती.

पाणी फिरलं होतं. खाडीच्या तोंडाकडून त्याची कड चमकत आत येत होती. नीराबाई आणि चार जणी टोपल्या घेऊन काठाकडे परतत होत्या. मी मोजल्या. पाच. त्यांच्या मागे, बरंच मागे, एक जण उभी होती. पाठमोरी.

आमच्या बायका लुगड्याचा काष्टा घालतात. हिने गोल साडी वर खोचली होती. गुडघ्याच्या खाली मला काही दिसत नव्हतं. गाळ तिथपर्यंत होता. ती हात बाजूला धरून उभी होती, तोल सांभाळताना धरतात तसे. मान थोडी एका बाजूला होती. ऐकणाऱ्या माणसाची असते तशी.

खांब असेल, माझ्या मनात आलं. जाळी बांधायचे खांब असतात तिथे. भरतीबरोबर आलेलं लाकूड असेल, त्याला कापड गुंडाळलेलं. मी हे सगळं मनात म्हणत होतो आणि उतरत होतो.

गाळ आधी घोट्यापर्यंत होता, मग पोटऱ्यांपर्यंत. नीराबाई मला बघून काहीतरी म्हणाली. मी तिच्या बाजूने पुढे गेलो. एकेक पाय उपसून टाकावा लागत होता. त्या पाठमोऱ्या बाईच्या आणि माझ्यात वीस पावलं उरली असतील. मग पंधरा. पाण्याची कड तिच्यापर्यंत पोचली होती आणि तिच्याभोवती पाणी फुटत होतं, दोन्ही बाजूंनी वळून पुढे येत होतं. खांबाभोवतीही पाणी तसंच फुटतं.

माझा उजवा पाय मांडीपर्यंत गेला. काढायला गेलो तर डावा गेला. तेव्हा मला कळलं. अंग कमरेतून वळवायला जावं तर गुडघ्यात कळ येते आणि तोल जातो. वळता येतच नाही.

मी जीभ मागे नेली. टाळूला लावली. आणि हाक मारली.

तिचा डावा खांदा हलला. मान फिरायला लागली, हळू, फार कष्टाने, जसं एखादं घट्ट बसलेलं झाकण फिरावं. मला कान दिसला. कानामागे गेलेले ओले केस दिसले. गालाची कड दिसली.

तेवढ्यात माझ्या काखेत मागून कुणाचा तरी हात आला आणि मी दचकून मागे बघितलं. नीराबाई होती. तिने आपली टोपली उपडी करून गाळावर दाबली होती आणि तिच्यावर गुडघा टेकून ती मला ओढत होती. बाकीच्यांतल्या दोघी तिला धरून होत्या.

"मर्तोस काय रं," ती म्हणाली. "हात दे. दुसरा हात दे."

मी परत पुढे बघितलं तेव्हा तिथे पाणी होतं.

८

बायकांनी मला काठावर आणलं. नीराबाईने माझ्या पायांवर पाणी ओतलं, गाळ काढला, जणू मी लहान होतो.

"थितं कोन होता?" मी तिला विचारलं.

तिने माझा दुसरा पाय धुतला. मग म्हणाली, "आम्ही पाच होतो. पाचच आलो."

"मागं बघितलंस?"

"मी मागं कवा बघत न्हाय," नीराबाई म्हणाली. "तीन वर्सं झाली. तितून येताना आमच्यातली कोनीच मागं बघत न्हाय."

मी मारलेली हाक तिने ऐकली होती. मी काय म्हणालो, असं मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने मान हलवली. "नाव न्हाय घेतलंस, विनेश. नुसता वरडलास. लय मोठ्यानं वरडलास."

संध्याकाळी मोरूदादा सांगायला आला की सगळे ळ सुकलेत. एकेचाळीसही. त्याला बरं वाटलं होतं. तो म्हणाला, उघडीप मिळाली ना, म्हणून. मी दुसऱ्या दिवशी जाऊन हात लावून बघितलं. रंग कडक झाला होता. नारळी पौर्णिमेला पूजा झाली, होड्या ओळीने खाडीतून बाहेर पडल्या, जागृतीने त्यांचे फोटो काढले. ते पेपरातही आले. लोकांना लोगो आवडला. एका फोटोत मी होडीवर दिसतो, नाळेला हात लावून उभा.

मी आईला अजून काही विचारलेलं नाही. ती जागी असते तेव्हा नेहमीसारखी बोलते, डाल म्हणते, जाला म्हणते, कधीकधी सुनेची आठवण काढते आणि तिला कमल म्हणते. तिच्या तब्येतीत फरक नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते चांगलं आहे.

परवा सकाळी चहा घेऊन ती झोपली आणि मी सवयीने खाटेजवळ बसलो. दहा वाजले. तिचा श्वास तसाच बदलला. पाय ताठ झाले. मग तिने मान वर केली, उशीपासून वर, हनुवटी उचलून, जितकी वर जाईल तितकी, पाणी गळ्याशी आल्यावर करतात तशी, आणि तोंड उघडलं.

मी उठलो. बाहेर ओट्यावर येऊन दार ओढून घेतलं आणि कानांवर हात ठेवून बसलो, ती जागी होऊन मला हाक मारेपर्यंत.